नोंद झाली, टेबल मिळेना

ताई यंत्र घेऊन आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून दार उघडलं, तर समोर टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार एक भलंमोठं खोकं पोटाशी धरून उभे, आणि त्यांच्यामागे काठी टेकत ताई. "सरक," ती म्हणाली. मी सरकलो. ताई माझी थोरली बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही, पण मी वाटेत उभा असलो की तिला बरोबर कळतं. अंध मुलांच्या शाळेत ती शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येऊन मला शिकवते.

खोक्यात ब्रेल छापायचं यंत्र होतं. साध्या प्रिंटरला शाई लागते, याला नुसता जोर लागतो. जाड कागदाला आतून ठोसे मारून ते ठिपके उठवतं. कुठल्याशा संस्थेने ते शाळेला भेट दिलं होतं. भेट देताना भाषणं झाली, फोटो निघाले, आणि पाहुणे गेल्यावर कळलं की शाळेतला एकही संगणक या यंत्राला ओळख दाखवत नाही. ज्या कंपनीने ते बनवलं तिने केव्हाच गाशा गुंडाळला होता. तेव्हापासून ते शाळेच्या अडगळीच्या खोलीत झाकून ठेवलेलं.

"वार्षिक परीक्षेपर्यंत चाललं तर ठेवू, नाहीतर भंगारात," असं शाळासमितीच्या अध्यक्षांनी ताईला बजावलं होतं. त्यांना ती खोली मोकळी हवी होती. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण अडलेली खोली पाहिली की त्यांना चैन पडत नाही.

ताईचं म्हणणं वेगळंच होतं. तिच्या मुलांच्या परीक्षेला दरवर्षी बाहेरून वाचक येतात. म्हणजे मुलाशेजारी एक माणूस बसतो आणि प्रश्न वाचून दाखवतो. कुणी अर्धा प्रश्न गिळतो, कुणाला घरी जायची घाई, आणि कुणी इतका दयाळू की बरोबर उत्तरापाशी आला की आवाज चढवतो. "माझ्या पोरांना दया नको आणि घाईही नको," ताई म्हणाली. "ह्या वर्षी माझा वर्ग आपला पेपर आपल्या बोटांनी वाचणार. शाळेत सगळ्या संगणकांवर ती फुकटातली, संगणक चालवायची प्रणाली आहे, तीच तूही घरी टाकून बसलायस ना? चारचौघांत सांगत असतोस ना, मला त्यातलं सगळं कळतं म्हणून?"

सांगत असतो खरा. आता माणूस चारचौघांत काहीबाही बोलतोच. ते असं खोक्यात भरून दारात आणून ठेवायचं नसतं. पण टेम्पोवाला ऐकत होता. "एका संध्याकाळचं काम," मी म्हणालो. स्वयंपाकघरातून खुदकन हसल्याचा आवाज आला. ती माझी बायको.

आता संगणकाने यंत्र ओळखायचं म्हणजे काय करायचं, हे मी जरा समजावून सांगतो, कारण ते समजावायची संधी मला घरात कुणी देत नाही. प्रणालीच्या गाभ्यात कर्नेल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. पडदा, कळफलक, माऊस, सगळ्यांना राबवणारा तोच. तुम्ही वायर खोचली की त्याला वर्दी जाते, कुणीतरी आलंय. तो आलेल्याला एक पत्ता देतो आणि विचारतो, तू कोण? यंत्र आपल्या पोटातले दोन आकडे सांगतं, एक कंपनीचा, एक मालाचा. कारभारी नोंद करतो. मग ते आकडे घेऊन तो आपल्या हाताखालच्या एकेका ड्रायव्हरला, म्हणजे एकेका जातीचं यंत्र हाकणाऱ्याला, विचारत फिरतो, हा तुझा का? प्रत्येक ड्रायव्हरपाशी आपण सांभाळतो त्यांचे आकडे असतात. जुळले, तर ड्रायव्हर यंत्र तपासून बघतो, "माझा" म्हणतो आणि काम सुरू होतं. कुणीच "माझा" म्हटलं नाही, तर? तर नोंद तेवढी राहते आणि यंत्र बसून राहतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक आहे. आलेल्या कागदाला शिक्का मारून आवक क्रमांक देणं आणि तो योग्य टेबलावर पोचवणं यात माझं आयुष्य गेलं. क्रमांक मिळाला पण टेबल मिळालं नाही, असे कागद मी कपाटच्या कपाटं पाहिले आहेत. जगातला प्रत्येक संगणक आतून आमच्या विभागासारखा चालतो, हे कळल्यावर मी कचेरीत कितीतरी दिवस ताठ मानेने वावरलो. कुणाला कारण कळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर त्या संध्याकाळी मी यंत्र टेबलावर चढवलं आणि वायर खोचली. ताईसाठी माझ्या संगणकावर पडदा वाचून दाखवणारा आवाज बसवलेला आहे. पडद्यावर जे उमटेल ते तो मोठ्याने, घाईघाईने आणि कसलीही भीडभाड न ठेवता वाचतो. कारभाऱ्याच्या नोंदी तो वाचणार म्हणून आम्ही कान टवकारून बसलो. ढिम्म. वायर काढून पुन्हा लावली. ढिम्म.

तेवढ्यात सर्वज्ञ आले. सर्वज्ञ आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि इमारतीचे सेक्रेटरी आहेत. सर्वज्ञ हे नाव मी ठेवलं, पण आता पोस्टमनसुद्धा त्यांना त्याच नावाने शोधतो. खोकं वर जाताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, वरून टिचकी वाजवली आणि म्हणाले, "दमट झालंय. उन्हात ठेवा."

"अहो, हे लोणची-पापडाचं नाहीये," मी म्हणालो.

"मग अर्थिंग नाही. नाहीतर असं करा ना साहेब, पैसे मोजा आणि चांगली प्रणाली घ्या. कशाला स्वतःच्या जिवाला त्रास?"

हे बोलणं मला लागलं. मी त्यांना प्रणालीच्या स्वातंत्र्यावर चार शब्द सुनावणार, तेवढ्यात बायको बाहेर आली, तिने यंत्राची वायर ओढून काढली आणि म्हणाली, "अहो, ही माझ्या मोबाइलच्या चार्जिंगची. सकाळपासून शोधतेय मी." तिच्यातून नुसती वीज जाते, निरोप जात नाही. सर्वज्ञ खुर्ची ओढून बसले, म्हणजे आता पुढचं बघूनच जाणार.

खरी वायर यंत्राच्या खोक्यात तळाला होती. ती लावली मात्र, आवाज कडाडला: नवीन यंत्र आढळले! कंपनीचा आकडा अमुक, मालाचा आकडा तमुक! मी खुर्चीवरून उठलोच. ताई म्हणाली, "मग छाप." मी छापायचा हुकूम सोडला. काही नाही. आवाजही गप्प झाला. नोंद झाली होती, टेबल मिळालं नव्हतं.

"मी म्हणालो होतो," सर्वज्ञ उठता उठता म्हणाले. काय म्हणाले होते, देव जाणे.

पुढचे काही दिवस मी कचेरीतून आलो की यंत्राचं झाकण उघडून आत डोकं घालून बसायचो. बायकोला त्या टेबलावर भाजी निवडायची असायची, ती माझ्या पाठीमागे खुर्चीवर बसून निवडायची आणि अधूनमधून शेंगांची सालं माझ्या शर्टावर पडायची. शेवटी एकदाचा उलगडा झाला. यंत्राच्या आत संगणकाशी बोलायला जो छोटा काळा तुकडा बसवलेला होता, तो अगदी सर्रास मिळणारा. त्याचा ड्रायव्हर कारभाऱ्याच्या पदरी आधीपासून होता. पण त्या बुडालेल्या कंपनीने मोठेपणापायी तुकड्यात आपला स्वतःचा आकडा भरून ठेवला होता. माणूस आपल्याच खात्यातला, पण बिल्ला भलताच लावलेला. आता दारात कोण ओळखणार?

यावर तात्पुरता उपाय असतो. चालू संगणकावर ड्रायव्हरच्या कानात सांगता येतं, की बाबा रे, हा आकडासुद्धा तुझाच समज. तसं सांगितलं, सुट्टीला आलेल्या ताईने छापायचं बटण दाबलं, आणि काय सांगू! धाडधाड धाडधाड! मांडणीवरच्या ताटल्या नाचायला लागल्या, बायको कानावर हात ठेवून बाहेर आली, आणि यंत्राच्या तोंडातून जाड कागद हळूहळू पुढे सरकायला लागला. मी ओरडत होतो, "माझा! माझा म्हणाला तो!" आणि ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

दार वाजलं. सर्वज्ञ. हातात इमारतीच्या छापील कागदावरची सूचना: पूर्वपरवानगीशिवाय घरात फोडाफोडी करू नये. "कुठली भिंत पाडताय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "कोरा आहे."

ताईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बोटं फिरवली. तिने वर्गातल्या मुलांची नावं छापायला लावली होती. एकेक नाव ती मोठ्याने वाचत गेली. शेवटचं नाव झाल्यावर मी विचारलं, "कसं आलंय?"

"दोन ठिकाणी ठिपके बसके आलेत," ताई म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही यंत्र शाळेत नेलं. मी शाळेच्या संगणकाच्या कानात सांगितलं, यंत्र धडधडलं, अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटत होती. "वा, वा," अध्यक्ष म्हणाले, आणि वीज वाचवायच्या सवयीने जाता जाता संगणक बंद करून गेले. थोड्या वेळाने दोन समिती सदस्यांना घेऊन परत आले. मी संगणक चालू केला. छाप म्हटलं. ढिम्म. कानात सांगितलेलं कारभारी बंद-चालूत विसरला होता.

"मघाशी तर ओळखत होतं," अध्यक्ष म्हणाले.

"त्याला पुन्हा सांगावं लागतं," मी म्हणालो.

"दर वेळी?"

"दर वेळी."

अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिलं. मग ताईला म्हणाले, "बाई, मला असं यंत्र पाहिजे, की कुठल्याही शिक्षिकेने कुठल्याही संगणकाला लावलं की चाललं. त्याच्यासोबत तुमचे भाऊ ठेवावे लागतील असं नको." मी यंत्राबरोबर मिळणारा सुटा भाग झालो होतो. सदस्य हसले. ताई हसली नाही, पण तिने मला कोपराने ढोसलं, त्यात सगळं आलं.

परतताना मी म्हटलं, "त्यात काय, प्रत्येक संगणकावर एक छोटी आज्ञा लिहून ठेवतो. चालू झाला की आपोआप आठवेल."

"आणि नवीन प्रणाली टाकली की?"

"मला फोन कर."

"त्या संस्थेने हीच यंत्रं आणखी किती शाळांना वाटलीत, माहीत आहे? सगळीकडे झाकून पडलीत. ते कुणाला फोन करणार?" ताई थांबली. "हे बघ, ते तुझ्या कारभाऱ्याच्या मुळातच लिहून टाक. कानात नको."

मुळात! ताईला बोलायला काय जातं! पण खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात ते कुठेतरी वळवळत होतंच. या प्रणालीचा मूळ मजकूर सगळ्या जगाला खुला असतो, आणि कुणीही त्यात सुधारणा सुचवू शकतो. मान्य झाली तर ती पुढच्या आवृत्तीबरोबर जगातल्या प्रत्येक संगणकावर जाते. मला लिहायची होती एकच ओळ. ड्रायव्हरच्या आकड्यांमध्ये आणखी एक आकडा.

आधी ती ओळ घरी पारखून पाहायची, म्हणून मी मूळ मजकूर उतरवून घेतला आणि माझा स्वतःचा कर्नेल बांधायला घेतला. यात हजारो गोष्टी घ्यायच्या की वगळायच्या हे विचारतात. आता कचेरीतला माणूस अनावश्यक गोष्टी बघून गप्प बसेल का? मी सढळ हाताने वगळत सुटलो. संगणक दिवसभर तापला, त्याचा पंखा असा घोंघावत होता की बायकोने त्यावर पापड भाजता येतील का विचारलं. संध्याकाळी बांधकाम पूर्ण. संगणक चालू केला. आवाज कडाडला: नवीन यंत्र आढळले! आणि लगेच पुढची ओळ: ड्रायव्हर जोडला गेला! कुणी कानात सांगितलं नव्हतं. आपोआप! मी ताईला फोन लावला, "झालं! बोल, काय छापू?"

ती बोलली ते टाइप करायला गेलो, तर कळफलक मेलेला. माऊस हलेना. मी अनावश्यक म्हणून जे काही वगळलं होतं त्यात तेही गेले होते. कधी न पाहिलेला पाहुणा घरात मानाने बसलेला आणि घरचीच माणसं दाराबाहेर! ताई फोनवर वाट बघतेय, सर्वज्ञ जिन्यात उभे राहून "बंद करून चालू करा" असं ओरडतायत, आणि मी आपला मेलेल्या कळफलकावर बोटं आपटतोय. बायको शांतपणे म्हणाली, "आता त्याला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दाखवा." अशा वेळी संसार टिकतो तो केवळ माझ्या सोशिकपणामुळे.

असो. जुना कर्नेल जवळ ठेवलेला होता म्हणून वाचलो. पुन्हा बांधला, या वेळी कुणालाही न वगळता. आता अर्ज.

या ड्रायव्हरच्या विभागाचा प्रमुख दूर कुठल्यातरी देशात बसलेला एक गृहस्थ होता. त्याच्याकडे मेलने सुधारणा पाठवायची, चारचौघांसमोर तिची छाननी होते. आम्ही त्याला "साहेब" म्हणायला लागलो. मी माझ्या अनुभवानुसार रीतसर अर्ज तयार केला. इंग्रजीत, पण आपल्या पद्धतीने: विषय, ब्रेल छपाई यंत्रास मान्यता मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. खाली सही. सहीखाली पद. अर्ज छापला, त्यावर शिक्का मारला, त्याचा फोटो काढून मेलला जोडला, आणि कुठे गहाळ होऊ नये म्हणून तीन प्रतींत पाठवला.

तिन्ही प्रती परत आल्या. साहेबाने नाही, त्याच्या दारातल्या यंत्रानेच परत केल्या. इथे फक्त साधा मजकूर चालतो, जोडपत्रं आणि सजावट चालत नाही. माझा शिक्का सजावट ठरला! मी त्या दिवशी जेवताना एक शब्द बोललो नाही. बायकोने दोनदा वाढलं, मी दोनदा जेवलो, पण बोललो नाही.

दुसऱ्यांदा साधा मजकूर पाठवला. या वेळी साहेबाचं उत्तर आलं: तुमच्या मेलने ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बदललीय. इथे टॅब लागतो, तुम्ही स्पेस पाठवल्यात. ताईला वाचून दाखवलं. "म्हणजे समास चुकला," ती म्हणाली. मी दचकलो. समास चुकला म्हणून मी स्वतः किती अर्ज परत केले असतील! आणि सांगतो, मला राग आला नाही. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

तिसऱ्यांदा टॅब घालून पाठवला. उत्तर: आकडा शेवटी टाकू नका, क्रमाने लावा. बरोबर आहे! ज्येष्ठतेप्रमाणे लागायला नको? आणि खाली: ही सुधारणा तुम्हीच केलीत आणि ती द्यायला तुम्ही मोकळे आहात, अशी तुमच्या नावाची ओळ नाही. म्हणजे सही नाही! शिक्का गाळला तेव्हा त्याच्याबरोबर सहीही गळली, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी खुर्चीत मागे रेलून बायकोला म्हणालो, "बघितलंस? जगात एक तरी कचेरी नीट चाललीय."

"तुमचा अर्ज नापास करतेय म्हणून?" ती म्हणाली.

"नियमाने नापास करतेय."

चौथी प्रत गेली. समास, क्रम, नाव, सगळं चोख. मग शांतता. आमच्या इथे शांतता झाली की स्मरणपत्र पाठवतात. मीही पाठवलं, स्मरणपत्र क्रमांक एक, संदर्भासहित. साहेबाने एका ओळीत कळवलं की थोडा धीर धरा, आता नव्या आवृत्तीची गडबड चालू आहे, नवे कागद त्यानंतर घेऊ. मी ते वाक्य कचेरीत कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. लोकांना आता तेच दाखवतो.

मधल्या काळात सर्वज्ञांनी इमारतभर सांगितलं होतं की माझं प्रकरण परदेशात अडकलंय. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण माझ्याकडे सहानुभूतीने बघायचा. एकाने तर मला वकील सुचवला. अध्यक्षांचाही ताईला निरोप आला, परीक्षा जवळ आलीय, वाचकांना सांगून ठेवू का? ताई म्हणाली, "थांबा." मग मला फोन करून म्हणाली, "मी त्यांना थांबा म्हटलंय. आता मला तोंडघशी पाडू नकोस." तिच्या आवाजात मी भीती कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली.

आणि एके दिवशी, कचेरीतून येऊन मी बूट काढत होतो, तर आतून संगणकाचा आवाज कडाडला. बायकोने मेल उघडून ठेवला होता. दोन शब्द. घेतलं, धन्यवाद.

"एवढंच?" बायको म्हणाली.

"एवढंच?" मी एका पायात बूट घालून तसाच उभा. "अगं, मंजुरीबरोबर धन्यवाद! इतकी वर्षं नोकरी झाली, मंजूर झालेल्या कागदावर धन्यवाद लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं नाही!" मी एकाच बुटानिशी तिला हाताला धरून गोल फिरवलं. तिने "अहो, खाली सर्वज्ञ" म्हटलं, पण हात सोडवला नाही.

अशा एका ओळीच्या सुधारणा पुढच्या आवृत्तीची वाट न बघता चालू आवृत्तीतही घालतात; आणखी काही दिवसांनी आमची ओळही तशी आली. शाळेच्या संगणकांनी नेहमीसारखी दुरुस्ती उतरवून घेतली. मला कुणी हात लावू दिला नाही. ताईने मला मुद्दाम फाटकाबाहेर उभं केलं. यंत्र शाळेतल्या दुसऱ्याच एका बाईंनी लावलं, ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अध्यक्षांनी स्वतः वायर उपटली. स्वतः लावली. संगणक बंद केला, चालू केला. पुन्हा वायर उपटून शेजारच्या खोलीतल्या संगणकाला लावली. दर वेळी धाडधाड धाडधाड! फाटकाशी शिपाई मला विचारत होता, आत काय चाललंय. मी म्हटलं, "माझी ओळ." त्याला काही कळलं नाही. मी त्याला मिठी मारली, तेही त्याला कळलं नाही.

सर्वज्ञांनी ही बातमी माझ्या आधी इमारतीत पोचवली. आता ते पाहुण्यांना सांगतात की त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचं नाव जगातल्या संगणकांत आहे, आणि यंत्र उन्हात ठेवायचा सल्ला त्यांनीच दिला होता. मी खोडून काढत नाही. आनंदात माणसाने थोडं मोठं मन करावं.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. आत मुलं बसलेली, प्रत्येकासमोर जाड कागद. कुणाच्या शेजारी कुणी नाही. मी इतका शांत परीक्षेचा वर्ग पाहिला नव्हता. फक्त कागदावरून बोटं सरकल्याची खसखस. दाराशी काठी धरून ताई उभी होती. चेहरा कडक, पण काठी सारखी या हातातून त्या हातात जात होती. आत जाऊन तिचा हात धरावा असं फार वाटलं मला.

मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि, ताईला तो दिसणार नाही म्हणून, हाकही मारली. "बाई, पेपरात चूक आहे."

मी गारठलो. पेपर ताईने स्वतः लिहिला होता, स्वतः तपासला होता. ताईची चूक काढायची हिंमत मी आजवर केलेली नाही.

"कुठे?" ताईने विचारलं.

"गणितात. ती गाडी आहे ना, ती सुटायच्या आधीच पोचलीय."

वर्गात बोटं थांबली. मग एकामागून एक सगळे त्या प्रश्नाकडे वळले, आणि एकदम हसू फुटलं. हो की! आधीच पोचलीय! मला वाटलं, आता ताई सगळ्यांना फैलावर घेते. तिने काठी भिंतीला टेकवली आणि अंदाजाने त्या मुलीच्या बाकापाशी गेली.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही," मुलगी गोंधळून म्हणाली. "मी वाचलं."

ताई तिच्या शेजारी बाकावर बसली. तिचे डोळे भरून वाहायला लागले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"मी वाचलं, बाई."